बघणारे किती, घेणारे किती?

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात हॅमिल्टन नावाचं, दोन हजारांहूनही कमी वस्तीचं गाव आहे. २००८च्या मंदीत तिथल्या डोअन कुटुंबातल्या मुलांनी आईला गोधड्यांवर टीप घालायचं मोठं यंत्र घेऊन दिलं. लोकांनी तुकडे जोडून आणायचे आणि जेनी डोअन यांनी अस्तर लावून गोधडी पुरी करून द्यायची, असा धंदा. एवढ्याशा गावात गिऱ्हाईक ते किती येणार? मग मुलाने आईला यूट्यूबवर गोधडी शिकवायला लावलं. आज त्यांची ‘मिझुरी स्टार क्विल्ट कंपनी’ ऑनलाइन कापड विकते आणि गावच्या मुख्य रस्त्यावर तिचीच डझनभर दुकानं आहेत.

गोधडी शिवणाऱ्यांचा एवढा मोठा बाजार आहे, हे त्या व्हिडिओंनी दाखवून दिलं. पण व्हिडिओत काय होतं तेही बघायला हवं. जेनीबाई बहुतेकदा आधीच कापलेल्या कापडाची गड्डी उघडतात: पाच इंची चौकोन, नाहीतर अडीच इंच रुंदीच्या पट्ट्यांची गुंडाळी. मापं घेणं नाही, कात्री चालवणं नाही, थेट शिवायला बसायचं. तशी गोधडी करायची तर तशीच गड्डी हवी. बघणाऱ्याचा घेणारा होतो तो इथे.

उलट फिनलंडमधल्या एका चॅनेलवर हायड्रॉलिक प्रेसखाली वाट्टेल त्या वस्तू चिरडतात. ते लाखो लोक बघतात, पण म्हणून घरी प्रेस कोण आणणार? नुसत्या व्ह्यूजवर माल भरू नये, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. त्यातून ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतं. अंगठ्याने सरकवून पुढे गेलेला माणूसही त्यात मोजला जातो.

मग बघायचं काय? जुन्या व्हिडिओला आजही प्रेक्षक येतात का, आणि खालच्या प्रतिक्रियांत लोक नुसतं ‘छान’ म्हणतात की माप, किंमत, दुकान विचारतात. आपल्याकडच्या आरी वर्कच्या व्हिडिओंखाली रिंग, सुई, मणी कुठे मिळतील अशी विचारणा वारंवार दिसली, तर तिथे गिऱ्हाईक आहे असं समजायला हरकत नाही. गूगल ट्रेंड्सवर ‘यूट्यूब सर्च’ हा पर्याय निवडून महाराष्ट्रापुरता शोध कसा चढतो-उतरतो, तेही फुकट बघता येतं. सणाच्या किंवा लग्नसराईच्या आधी आलेख वर जात असेल, तर माल कधी भरायचा तेही कळतं.

तरीही खरी परीक्षा प्रेक्षकाला काहीतरी करायला लावण्यात आहे. ड्रॉपबॉक्सने २००८ मध्ये सेवा सर्वांसाठी खुली होण्याआधीच ती कशी चालेल हे दाखवणारा छोटा व्हिडिओ डिग या संकेतस्थळावरच्या तंत्रवेड्यांपुढे ठेवला. प्रतीक्षायादी एका रात्रीत पाच हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर गेली. छोट्या विक्रेत्यालाही हे जमतं. एक नमुना करावा, व्हिडिओत किंमत स्पष्ट सांगावी, थोडी आगाऊ रक्कम घेऊन नोंदणी करावी आणि पैसे भरणाऱ्यांपुरताच पहिला माल आणावा.