चाकांवरचे घर आणि आतली हवा

पावसाळ्यात इगतपुरीस आलेला पाहुणा पहिली गोष्ट कोणती करीत असेल, तर खिडकी लावून घेतो. थळ घाटातून वर चढणारे ढग थेट दाराशी येतात, अंथरूण ओलसर लागते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तेव्हा खिडकी लावणे स्वाभाविकच आहे. परंतु खिडकी लागताच आतल्या हवेचा एक हिशेब सुरू होतो. तो हिशेब आज आपण मांडून पाहू.

जुन्या कौलारू घरात हा हिशेब सैल असे. कौलांतून, दाराखालून वारा येतच राही. लहान व बंदिस्त जागेत मात्र तो फार कडक होतो. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. मोटारीतच निजणे, रांधणे, न्हाणे अशी सोय असलेली ही फिरती घरे होत. अशी एक गाडी भावली धरणाच्या काठी रात्रीपुरती उभी आहे, असे समजू. आतली जागा चार मीटर लांब, दोन रुंद, दोन उंच. म्हणजे सोळा घनमीटर, अर्थात १६,००० लिटर हवा. आत चार माणसे निजली आहेत. निजलेला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. एकही फट नसेल, तर आठ तासांत जवळजवळ ४०० लिटर वायू साठेल; म्हणजे शेकडा अडीच. बाहेरच्या हवेत तो शेकडा ०.०४ इतकाच असतो. सकाळी डोके जड होण्याचे कारण दूर शोधावयास नको.

हा झाला केवळ श्वासाचा हिशेब. खरे भय त्यापुढचे आहे, कारण ज्या नाकावर आपण विसंबतो ते येथे साक्ष देईलच असे नाही.

पहिला वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. कोळशाला जळताना प्राणवायू अपुरा पडला की तो निर्माण होतो. लाल निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून शेगडी निर्धोक, असा आपल्याकडे समज आहे. तो प्राणघातक आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेच्या हजार भागांत त्याचा एक भाग असला, तरी काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. डोके दुखते, मळमळते, झापड येते. आणि घाटाचा प्रवास लागला असे म्हणून माणूस अधिकच पांघरुणात शिरतो. एकाच वेळी सर्वांचे डोके दुखू लागले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर ती खूण ओळखावी. सर्वांनी मोकळ्या हवेत यावे व विनाविलंब डॉक्टर गाठावा.

दुसरा स्वयंपाकाचा गॅस. त्याला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड. तो खाली, बिछान्याखालच्या पोकळीत साठतो. केवळ छताजवळची खिडकी उघडून तो जात नाही. त्यासाठी जमिनीलगत झरोका लागतो. वास आला तर विजेचे बटण दाबू नये, चालूही नाही आणि बंदही नाही. टाकीचा कॉक बंद करावा, दार उघडावे व बाहेर पडावे.

तिसरा फॉर्मल्डिहाइड. याला वास आहे, पण ‘नव्या गाडीचा वास’ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो! प्लायवूड व भुशाच्या फळ्या ज्या डिंकाने चिकटवितात, त्यातून तो हळूहळू बाहेर पडतो. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळाने बेघर झालेल्यांना सरकारने फिरती घरे दिली. राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, खोकला हटेना. पुढे अशा ५१९ घरांची तपासणी झाली, तेव्हा हवेच्या अब्ज भागांत या वायूचे सरासरी ७७ भाग आढळले. बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक. दीर्घकाळ सहवासात हा वायू कर्करोगास कारण होतो, हे आज मान्य झाले आहे. उष्णता व दमट हवा यांनी तो अधिक सुटतो. इगतपुरीच्या पावसात भिजलेली आणि मग उन्हात तापलेली बंद गाडी त्याला अगदी अनुकूल.

मग थंडीपावसात करावे काय? शेगडी, कोळसा अथवा गॅसची शेकोटी निजण्याच्या जागी कधीही नेऊ नये. एखादी खिडकी किलकिली ठेवली म्हणून शेगडी निर्धोक होत नाही. जनरेटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास ठेवावा. इंजिन चालू ठेवून निजू नये. छताजवळ एक व जमिनीलगत एक, असे दोन झरोके रात्रभर उघडे असावेत. रांधताना पंखा व खिडकी दोन्ही चालू-उघडी हवीत. नवी गाडी प्रवासास नेण्यापूर्वी कित्येक दिवस दारे उघडून वारा द्यावा. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत. आज तेच काम करणारे कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र बाजारात मिळते. ते बिछान्याजवळ असावे.

हे नियम केवळ फिरत्या घरांपुरते नाहीत. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, काचा लावून थांबलेली मोटार, लॉजमधली बिनखिडकीची खोली यांनाही ते लागू आहेत. थंडीवर उपाय जाड पांघरुणाचा आहे. हवा कोंडण्याचा नव्हे.