दाराआडचे दुःख आणि शेजारधर्म

जून 2025 च्या अखेरीस जुईनगरमधील एका बातमीने साऱ्या नवी मुंबईला चटका लावला. एकेकाळी संगणक क्षेत्रात नोकरी करणारे एक गृहस्थ तीन वर्षांहून अधिक काळ स्वतःला फ्लॅटमध्ये कोंडून घेऊन राहत होते. जवळची माणसे गेली आणि त्यांच्या मनाने उमेद सोडली. बाहेरच्या जगाशी संबंध उरला, तो मोबाईलवरून मागवलेल्या जेवणापुरता. पनवेलच्या ‘सील’ आश्रमाला कुणीतरी कळवले, कार्यकर्ते दारापर्यंत गेले आणि त्यांना बाहेर काढले. तेव्हा घरात कचरा साचला होता आणि त्यांच्या पायाला संसर्ग झाला होता.

शेजाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण याच बातम्यांत असेही आले होते की, आईवडिलांच्या बँकेतील ठेवी त्यांच्या नावावर करून घ्यायला सोसायटीतील लोकांनी मदत केली होती. म्हणजे माणुसकी अगदीच संपली होती असे नाही. कागदांची अडचण लोकांना दिसली, मनाची दिसली नाही. आम्हाला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांचे असेच होते.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभे राहिले. कोकणातून, मराठवाड्यातून, मुंबईच्या चाळींतून माणसे येथे आली. त्यात आपलीही हजारो कुटुंबे आहेत. मोहल्ल्यात दार दिवसभर उघडे असे. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे संध्याकाळपर्यंत चार घरांना कळत असे. येथे सेक्टरमध्ये दार बंद ठेवणे हाच शिष्टाचार झाला. समोरच्या दारावरचे आडनाव ठाऊक असते, आतल्या माणसाची खुशाली नसते.

आणि दार बंद असतानाच कितीतरी गोष्टी सोसल्या जातात. पती आखातात, तीन मुले पदरात आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, अशी बहीण ईदच्या दिवशी हसतमुखाने शीरखुर्मा वाढते. गावची शेती-वाडी सोडून मुलाकडे नेरुळला राहायला आलेले अब्बा दिवसभर खिडकीशी बसून असतात. परीक्षेत अपयश आलेला मुलगा ‘झोप येतेय’ म्हणून खोलीतून बाहेर पडत नाही. तलाक होऊन माहेरी आलेली मुलगी लग्नसमारंभाला जाण्याचे टाळते. विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच, “अलहम्दुलिल्लाह, सगळं ठीक आहे.”

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील सुमारे 10.6 टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त होत्या. वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. पैशाची आणि डॉक्टरांची टंचाई हे त्याचे एक कारण. पण ‘लोक काय म्हणतील’ हेही तेवढेच मोठे कारण आहे.

आपल्या घरांत या भीतीत आणखी एक भर पडते. दुःखी माणसाला आपण पटकन सांगतो, “नमाज पढ, सब्र कर, ईमान मजबूत ठेव.” नमाज आणि सब्र यांत मोठा दिलासा आहे, यात शंका नाही. पण हे वाक्य समोरच्याचे बोलणे तोडण्यासाठी वापरले, की त्याला वाटते, आपले दुःख म्हणजे आपल्या ईमानाचा दोष. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, असे कुरआन सांगतो. त्यांचे ईमान कमजोर होते, असे कोण म्हणेल? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक वर्ष तर ‘दुःखाचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते. त्या वर्षी हजरत खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब त्यांना सोडून गेले. पुत्र इब्राहीम यांच्या निधनावेळीही त्यांचे डोळे पाणावले होते. हजार वर्षांपूर्वीचे विद्वान अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाच्या दुखण्यावर इलाज करणे ही काही आपल्यासाठी परकी कल्पना नाही.

मग आपण काय करावे? सूरह माऊनमध्ये नमाज पढणाऱ्या, पण रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूही दुसऱ्याला न देणाऱ्यांना खडसावले आहे. दयेची परीक्षा अशा लहान गोष्टींतच होते. कालवण करताना रस्सा थोडा वाढवून शेजाऱ्याला द्यावा, ही शिकवण हदीसमध्ये आहे. वाटी नेऊन दिली की दार उघडते, दार उघडले की चेहरा दिसतो. बंधूला हसतमुखाने भेटणे हेसुद्धा सदका आहे.

मात्र विचारपूस आणि चौकशी यांत फरक ठेवला पाहिजे. दुसऱ्याची गुपिते हुडकण्यास कुरआनने मनाई केली आहे. “तलाक का झाला?” ही चौकशी झाली. “मी बाजारात चालले आहे, येतेस का?” ही विचारपूस. ऐकलेले दुसऱ्या घरी न नेणे ही अमानत आहे. कुणी बोलू लागले, तर सल्ला देण्याची घाई न करता ऐकावे. दहा मिनिटे शांतपणे ऐकणारा माणूस आज दुर्मीळ झाला आहे.

झोप उडणे, जेवण तुटणे, माणसांत येणे बंद होणे, जगण्यात अर्थ नाही असे वारंवार बोलणे, ही लक्षणे दिसली तर गोडीने डॉक्टरांकडे न्यावे, सोबत जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, मराठीतूनही. हा क्रमांक मशिदीच्या फलकावर आणि सोसायटीच्या नोटीसबोर्डवर लावायला काहीच खर्च येत नाही.

भगिनींनो, बंधूंनो, आपल्या मजल्यावर चार दारे असतील. त्यांपैकी एखादे बरेच दिवस उघडलेले दिसले नसेल, तर आज असरनंतर तेथे सलाम करून या.