गिटच्या आज्ञांना टोपणनावे

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केले. ते वापरताना 'स्टेटस', 'चेकआउट', 'कमिट' अशा आज्ञा दिवसभर टाइप कराव्या लागतात. त्यांना छोटी टोपणनावे देता येतात. टर्मिनलमध्ये 'गिट कॉन्फिग --ग्लोबल अलियास.एसटी स्टेटस' असे रोमन लिपीत एकदा लिहिले, की पुढे 'गिट एसटी' पुरते. 'ग्लोबल'मुळे ही सोय त्या संगणकावरच्या तुमच्या सगळ्या प्रकल्पांत मिळते. तो शब्द वगळल्यास फक्त चालू प्रकल्पात. अनेक पर्याय जोडून लिहाव्या लागणाऱ्या 'लॉग'सारख्या आज्ञेसाठी तर टोपणनाव फारच उपयोगी. सुरुवात दोन-तीन नावांनीच करा. मूळ आज्ञाही लक्षात ठेवा, कारण दुसऱ्याच्या संगणकावर तुमची टोपणनावे नसतात.