किंमत उतरते तेव्हा

आठवडी बाजारात सकाळी चढ्या भावाने विकली जाणारी मेथीची जुडी दिवेलागणीच्या सुमारास निम्म्या भावाने मिळते. माल शिळा होण्याआधी संपावा हा विक्रेत्याचा हेतू असतो आणि स्वस्त मिळाल्याने ग्राहकही समाधानी होतो. दुसऱ्या दिवशी नवी भाजी येते, नवा भाव ठरतो. सकाळी जास्त पैसे मोजणाऱ्याच्या मनात अढी राहत नाही. परंतु अनेक वर्षे वापरायच्या एखाद्या यंत्राची किंमत बाजारात आल्यावर काही महिन्यांतच उतरली, तर काय घडते? विक्री वाढते का? वाढली तर ती टिकते का? आणि आधी घेणाऱ्याला काय वाटते? हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास या प्रश्नांची चांगली उत्तरे देतो.

निंटेंडो ही जपानमधील क्योटो शहरातील कंपनी. तिने २००४ मध्ये आणलेल्या ‘डीएस’ या यंत्राची जगभरात १५ कोटींहून अधिक विक्री झाली. त्याचा वारसदार म्हणून २६ फेब्रुवारी २०११ रोजी ‘थ्रीडीएस’ जपानच्या बाजारात आला. चष्मा न लावता खोलीचा भास देणारा पडदा हे त्याचे वैशिष्ट्य होते. डीएसची सुरुवातीची किंमत १५,००० येन होती. थ्रीडीएसची २५,००० येन ठेवण्यात आली. मार्चअखेरपर्यंत सुमारे ३६ लाख यंत्रे दुकानांकडे रवाना झाली. नंतर मात्र मागणी एकदम ओसरली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जगभरात केवळ ७ लाख १० हजार यंत्रे विकली गेली.

कंपनीने जुलैच्या अखेरीस मोठा निर्णय जाहीर केला. ११ ऑगस्टपासून जपानमध्ये किंमत १५,००० येन झाली, म्हणजे एकदम ४० टक्के कपात. अमेरिकेतही जवळपास २५० डॉलरचे यंत्र १७० डॉलरला मिळू लागले. यंत्र बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

किंमत कमी झाली की मागणी किती बदलते, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता असे म्हणतात. मीठ निम्म्या किमतीत मिळू लागले म्हणून कोणी दुप्पट मीठ खात नाही. मिठाची मागणी अलवचिक असते. खेळाचे यंत्र ही गरजेची वस्तू नव्हे. महाग वाटले तर ग्राहक ते सहज लांबणीवर टाकतो आणि आवाक्यात आले की दुकानाकडे वळतो. अशा वस्तूची मागणी लवचिक असते. तथापि केवळ अधिक नग विकले जाणे पुरेसे नसते. २५,००० येनला १०० यंत्रे विकली तर २५ लाख येन हाती येतात. १५,००० येन किमतीत तेवढीच रक्कम मिळवण्यासाठी १६७ यंत्रे विकावी लागतात. शिवाय प्रत्येक यंत्र बनवण्याचा खर्च वेगळाच. कपातीनंतर निंटेंडोला थ्रीडीएस उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत विकावे लागले.

मग कंपनीने हा तोटा का पत्करला? याचे उत्तर पूरक वस्तूंत आहे. शेगडी आणि गॅसचे सिलिंडर या पूरक वस्तू होत. एकीवाचून दुसरी निरुपयोगी. तसेच यंत्र आणि त्यावरील खेळ यांचे नाते असते. यंत्र एकदाच विकले जाते, पण त्यावरचे खेळ ग्राहक पुढे कित्येक वर्षे विकत घेत राहतो. यंत्रे घरोघरी पोहोचली तर खेळ तयार करणाऱ्या इतर कंपन्याही त्यासाठी खेळ बनवतात आणि चांगले खेळ आले की आणखी यंत्रे खपतात. यंत्रे खपली नाहीत, तर हेच चक्र उलटे फिरते.

पुढील आकडे या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत विक्री सुमारे २३ लाख ६० हजारांवर गेली. म्हणजे आधीच्या तिमाहीच्या तिपटीहून अधिक. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ती ८३ लाखांच्या पुढे पोहोचली. या दुसऱ्या झेपेचे श्रेय मात्र एकट्या कपातीला देता येणार नाही. नाताळचा हंगाम होता. शिवाय नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मारिओच्या मालिकेतील दोन नवे खेळ आले आणि जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ हा अतिशय लोकप्रिय खेळही याच यंत्रावर आला. कपातीने दार उघडले. ग्राहकाला आत आणले ते खेळांनी.

सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन व्हिटा’ने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. हे यंत्र डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये २४,९८० येनला आले. फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीस त्याची किंमत १९,९८० येन झाली. त्या आठवड्यात जपानमधील विक्री अनेक पटींनी उसळली. परंतु खेळ साठवण्याचे खास कार्ड वेगळे व महाग होते आणि मोठ्या खेळांचा ओघ आटत गेला. स्मार्टफोनवर स्वस्त वा फुकट खेळ मिळू लागल्याने ग्राहकांपुढे दुसरा पर्यायही होता. व्हिटाला थ्रीडीएसची बरोबरी कधीच साधता आली नाही. २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

किंमतकपातीचा आणखी एक खर्च हिशेबाच्या वहीत दिसत नाही, तो विश्वासाचा. ज्यांनी पहिल्याच दिवसांत विश्वासाने पूर्ण किंमत मोजली, त्यांना आपण फसवले गेलो असे वाटणे स्वाभाविक होते. असे ग्राहक पुढच्या वेळी नवी वस्तू लगेच घेत नाहीत. किंमत उतरण्याची वाट पाहतात. निंटेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी ही नाराजी ओळखली. त्यांनी आधीच्या ग्राहकांची क्षमा मागितली, त्यांना वीस जुने खेळ विनामूल्य दिले आणि स्वतःचे वेतन निम्म्याने कमी केले. तरीही मार्च २०१२ अखेरच्या वर्षात कंपनीला ४,३२० कोटी येनचा तोटा झाला. येन महाग झाल्याचाही त्यात मोठा वाटा होता. पुढे थ्रीडीएस सावरला आणि २०२० मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत त्याची विक्री साडेसात कोटींवर गेली.

याच कंपनीने २०१७ मध्ये आणलेले ‘स्विच’ हे यंत्र अमेरिकेत वर्षानुवर्षे मूळ किमतीलाच विकले गेले; २०२५ मध्ये तर तिथे त्याची किंमत वाढवण्यात आली. तरीही जगभरात १५ कोटींहून अधिक स्विच खपले, कारण ग्राहकांना हवे असलेले खेळ त्यावर होते.

स्वस्ताई ग्राहकाला दुकानापर्यंत आणू शकते. त्याला टिकवून ठेवते ती वस्तूची उपयुक्तता. दुकान लहान असो वा मोठे, किंमत उतरवणाऱ्याने विक्रीचा हिशेब करताना, काल पूर्ण किंमत देऊन गेलेल्या ग्राहकाचाही विचार केला पाहिजे. उद्याचा पहिला ग्राहक बहुधा तोच असतो.