रोगांची नावे आणि त्यांचा विग्रह : लेखांक चौथा

अवयवांच्या ग्रीक व लॅटिन नावांची ओळख गेल्या आठवड्यात करून घेतल्यावर, त्या नावांना मागून-पुढून जोडल्या जाणाऱ्या शब्दखंडांचा विचार या खेपेस करावयाचा असे ठरले होते. आणि लेखणी हाती घेण्यापूर्वीच त्या विचाराला एक निमित्त घरबसल्या चालून आले. आमच्या शेजारी राहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांची सारी हयात महसूल खात्याच्या कचेरीत दप्तरे लावण्यात गेली आणि मोडीतल्या जुन्या फर्दा जे आजही अडखळल्यावाचून वाचतात, ते परवा संध्याकाळी घडी घातलेला एक कागद घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसले. शस्त्रक्रिया होऊन घरी परतल्याला त्यांना जेमतेम दहा दिवस झाले होते. कागदावर वरच्या ओळीत 'कोलेसिस्टायटिस' आणि खालच्या ओळीत 'कोलेसिस्टेक्टॉमी' असे दोन शब्द होते. "पोटातून काय काढले ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण कागद माझ्या नावाचा आणि मलाच तो वाचता येऊ नये, याची रुखरुख लागून राहिली आहे."

मी त्यांना उलट विचारले, "अण्णा, फडणवीस, चिटणीस, वाकनीस हे हुद्दे प्रथम वाचनात आले, तेव्हा ते एकेक करून तुम्हाला कोणी समजावून दिले होते काय?" अण्णांनी मान हलवली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा एवढे ज्याला कळले, त्याला फर्दा लिहिणारा तो फर्दनवीस, म्हणजेच फडणवीस, आणि चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, हे निराळे शिकावे लागत नाही. आणि 'दार' म्हणजे बाळगणारा हे एकदा ध्यानी आले म्हणजे सुभेदार, वतनदार, जमीनदार, ठाणेदार हे सारे एका रांगेत येऊन उभे राहतात. पाश्चात्त्य वैद्यकाची परिभाषा हीदेखील अशीच एक दप्तरी भाषा आहे. तिच्यातील शब्दांची संख्या हजारांनी मोजावी लागत असली, तरी ज्या तुकड्यांतून ते शब्द घडले ते तुकडे थोडे आहेत, आणि तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

अण्णांच्या कागदावरचा लांब शब्दच उदाहरणादाखल घेऊ. तो डावीकडून वाचू लागले तर वाट चुकते; शेपटाकडून सोडवला तर सरळ सुटतो, कारण तत्पुरुष समासात जसे उत्तरपद प्रधान असते, म्हणजे राजवाड्यात बोलणे वाड्याविषयी असते, राजाविषयी नव्हे, तसेच येथेही शेवटचे पद मुख्य असून आधीची पदे त्याला विशेष अर्थ देण्यापुरती असतात. शेवटी आहे 'एक्टॉमी'. ग्रीक भाषेत 'एक्' म्हणजे बाहेर आणि 'तोमे' म्हणजे काप, तेव्हा कापून बाहेर काढणे हा त्याचा अर्थ. त्याच्या अलीकडे 'सिस्ट' म्हणजे पिशवी आणि अगदी आरंभी 'कोले' म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी कापून काढणे, एवढेच त्या अवघड नावाचे मर्म. आणि त्या पिशवीला आपण जे पित्ताशय म्हणतो, तेही पित्त आणि आशय या दोन पदांचेच नव्हे काय? ग्रीक भाषेने केलेली जोडणी आणि आपल्या वैद्यांनी केलेली जोडणी पदाला पद लावून पाहिली तर तंतोतंत जुळते.

वरच्या ओळीतल्या शब्दाच्या शेवटचा 'आयटिस' हा प्रत्यय मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. मुळात तो केवळ 'अमक्याचा, अमक्यासंबंधीचा' असा अर्थ दाखवणारा स्त्रीलिंगी विशेषणाचा प्रत्यय होता. ग्रीक भाषेत रोगाला 'नोसोस' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे, सांध्यासंबंधीचा रोग या अर्थी 'आर्थ्रायटिस नोसोस' असा प्रयोग होई. पुढे बोलण्याच्या ओघात 'नोसोस' गळून पडला आणि विशेषण एकटेच मागे राहिले, जसे आपल्याकडे अर्धांगवायूतला वायू गळून 'त्यांना अर्धांग झाले' असे लोक सर्रास म्हणतात. कालांतराने वैद्यांनी हा प्रत्यय दाह किंवा शोथ, म्हणजे आग, सूज, लाली आणि वेदना, या अर्थी राखून ठेवला. जोडणीतल्या 'ओ' या स्वराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही: पुढचे पद व्यंजनाने सुरू होत असेल तर दुवा म्हणून तो येतो, जसे 'गॅस्ट्रोस्कोपी', प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो, जसे 'गॅस्ट्रायटिस'. आपल्या संधीपेक्षा हे नियम पुष्कळच सोपे आहेत.

उपसर्गांकडे वळल्यावर मराठी वाचकाला परक्या मुलखात आपल्याच गावचा माणूस भेटल्याचा अनुभव येतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यास सांगितले. त्या विधानाची साक्ष इस्पितळातल्या केसपेपरावर मिळते. यकृत् आणि 'हेपार', अस्थि आणि 'ओस्तेओन', जानु आणि 'गोनु' ही जशी भावंडे, तसेच उपसर्गही. आपला नकारार्थी 'अ' स्वरापुढे 'अन्' होतो, म्हणून अज्ञान पण अनर्थ. ग्रीक भाषेचाही नियम नेमका हाच, म्हणून श्वास थांबणे ते 'अॅप्निया', पण 'हाइमा' म्हणजे रक्त, त्याची उणीव ती 'अनीमिया'. 'पेरी' म्हणजे आपला परि. हृदयाभोवतीचे आवरण ते 'पेरिकार्डियम'. आणि 'डिस्पेप्सिया' या शब्दाचा विग्रह मी प्रथम पाहिला, तेव्हा झालेला हर्ष मला आजही आठवतो: 'डिस्' म्हणजे आपला दुस्, आणि 'पेप्सिस' म्हणजे पचन, ज्याचा धातू आपल्या पच् धातूचा सख्खा भाऊ. म्हणजे दुष्पक्ती! अजीर्ण झालेल्या माणसाला वैद्याने ग्रीक भाषेत जे सांगितले, ते जवळजवळ संस्कृतच होते.

या नात्याचा एक उपयोग निव्वळ भाषाप्रेमापलीकडचा आहे. 'हायपर' म्हणजे आपला उपरि, प्रमाणाच्या वर. 'हायपो' म्हणजे आपला उप, प्रमाणाच्या खाली. हे दोन उपसर्ग कानाला इतके सारखे लागतात की घरोघर त्यांची गल्लत होते, आणि ती गल्लत क्षुल्लक नाही. रक्तातील साखर वाढली ती 'हायपरग्लायसीमिया' आणि उतरली ती 'हायपोग्लायसीमिया'; पहिलीत साखर वर्ज्य, तर दुसरीत, रोगी शुद्धीवर असेल तर, ती विनाविलंब तोंडात घालावयाची. मधुमेही माणूस ज्या घरात आहे, त्या घरातील प्रत्येकाला उपरि आणि उप यांतला हा भेद पाठ असला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

शस्त्रकर्माच्या शब्दांत तीन प्रत्यय एकमेकांजवळ बसलेले आढळतात. 'टॉमी' म्हणजे चिरून उघडणे, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकणे, आणि 'स्तोमा' म्हणजे मुख यावरून आलेली 'ऑस्टॉमी' म्हणजे नवे मुख पाडून ठेवणे. मोठ्या आतड्याला पोटाच्या भिंतीवर जे द्वार करून देतात, ती 'कोलॉस्टॉमी'. असे बारकावे सुश्रुतालाही अपरिचित नव्हते: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य अशी आठ शस्त्रकर्मे त्याने सांगितली असून, त्यांतील छेद्य हे 'एक्टॉमी'च्या आणि भेद्य हे 'टॉमी'च्या अगदी निकट जाते.

पण या दालनातला मला सर्वांत प्रिय शब्द 'राइनोप्लास्टी' हा आहे. 'ऱ्हिस्' म्हणजे नाक, आणि 'प्लासेइन' म्हणजे घडवणे, तेही मुख्यतः ओल्या मातीला आकार देतात तसे घडवणे. 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वीटकाम करणाऱ्या जातीचा होता. त्याच्या पद्धतीत नाकाच्या खुंटावर मेणाचे पातळ पान बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा, ते पान सपाट करून कपाळावर ठेवावयाचे, त्याच्या कडेने रेघ ओढावयाची, तेवढी कातडी सोडवावयाची, आणि दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी अखंड राखून, तिच्यातून रक्त वाहत राहील अशा बेताने ती कातडी फिरवून खाली नाकाच्या जागी बसवावयाची. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकीकत छापली गेली. जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने 1814 साली याच रीतीने लंडनमध्ये नाक बसवले. आणि जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफे याने 1818 साली या विषयावर ग्रंथ लिहिला, त्याचे नावच 'ऱ्हिनोप्लास्टिक'. माती घडवण्याचे ग्रीक क्रियापद ज्या कर्माच्या नावात बसले, ते कर्म पुण्याजवळ मातीशीच नाते असलेल्या हातांनी केले होते, हा विचार मनात आला म्हणजे मी त्या शब्दापाशी नेहमीच रेंगाळतो.

मात्र विग्रह साधला म्हणजे रोग कळला, असे कोणी मानू नये. नाव ठेवणाऱ्याची जी समजूत, तीच नावात गोठून राहते. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादेस डासाच्या पोटात त्या रोगाचे जंतू पाहिले, तरी नाव हवेचेच राहिले. 'आर्टरी' हा शब्द वापरणाऱ्या प्राचीन ग्रीक वैद्यांना प्रेतांत ती नळी रिकामी आढळे, म्हणून तिच्यातून वारा वाहतो असे त्यांच्यापैकी काहींना वाटले. आणि आपली धमनी तरी निराळी कोठे आहे? तिच्याही मुळाशी 'धम्' म्हणजे फुंकणे हाच धातू. 'न्यूरॉन'चा मूळ अर्थ शिरांसारखी चिवट दोरी, तो आपल्या स्नायूचा आप्त; सुश्रुताने शरीरात 900 स्नायू सांगितले ते बांधणाऱ्या दोऱ्याच होत. पुढे ग्रीक शब्द संवेदना वाहणाऱ्या तंतूंकडे गेला आणि मराठीतला स्नायू मांसपेशीकडे वळला.

हे सारे ऐकून अण्णा उठले ते काही न बोलता. काल सकाळी ते आपल्या कुटुंबाच्या तपासणीचा कागद घेऊन आले, आणि त्या कागदाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने, मोडीत, 'हायपोथायरॉइडिझम' या शब्दाची फोड मांडली होती: हायपो, म्हणजे उप, शेवटचा 'इझम', म्हणजे अवस्था, मधल्या पदापुढे जागा कोरी सोडलेली. मी सांगितले की 'थायरा' म्हणजे दार, तो आपल्या द्वार शब्दाचा भाऊ. दारासारखी उभट मोठी ढाल ती 'थायरिऑस'. आणि त्या ढालीच्या आकाराची ती 'थायरॉइड'. "पण गळ्यात ढाल कसली?" अण्णांनी विचारले. कंठाच्या पुढच्या बाजूला हाताला लागते ती कूर्चा ढालीसारखी आहे, नाव आधी तिचे पडले आणि तिच्या शेजारच्या ग्रंथीला ते मागाहून मिळाले, असे मी म्हणत होतो, तोच दारात उभ्या असलेल्या काकूंनी दोन बोटे आपल्या कंठावर ठेवली आणि आवंढा गिळून ती ढाल वर-खाली होते काय ते पाहिले.