गुरुघरची विद्या आणि तिचा पुरावा

तिरुवैयारूत, कावेरीकाठच्या आपल्या घरी कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) यांनी शिष्य घडवले. या विद्येला ना परीक्षा होती, ना पदवी. जवळच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रहाने समृद्ध होत होता, पण या घरातले शिक्षण कोणत्याही दरबारी दप्तराच्या आधाराने चालले नव्हते. तरीही तिथे काय शिकवले गेले ते आज पडताळता येते, कारण शिष्यांनी ते जपले. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर आणि त्यांचे चिरंजीव कृष्णस्वामी यांच्या परंपरेतील हस्तलिखिते मदुराईच्या सौराष्ट्र सभेत आहेत. उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम या शिष्यशाखांचे पाठ वेगळे. एखाद्या कृतीच्या रागाबद्दल वाद निघाला की अभ्यासक या पाठांकडे वळतात. अनौपचारिक शिक्षणाला पुरावा नसतो, हा समज इथेच खोटा ठरतो. पुरावा असतो; तो सांभाळणारे कमी असतात.

तिरुवैयारूतच १९६५ पासून सरकारी संगीत महाविद्यालय आहे. हिंदुस्थानी संगीतात विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि पुढे परीक्षांमुळे गाणे मध्यमवर्गीय घरांत, मुलींपर्यंत पोहोचले. ही कमाई लहान नाही. पण ‘विशारद’चे प्रमाणपत्र उत्तीर्ण झाल्याचे सांगते, कोणती बंदिश कुणाकडून आली, कुठे अडली, कशी सुटली, हे सांगत नाही.

ई-पोर्टफोलिओची, म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या कामाच्या जपलेल्या डिजिटल संग्रहाची, खरी जागा इथे आहे. एकाच कृतीचे पहिल्या महिन्याचे आणि तिसऱ्या वर्षाचे ध्वनिमुद्रण, चरणातल्या एका संगतीवर गुरूंनी केलेली दुरुस्ती, आणि ती का पटली हे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले चार शब्द. स्वरलिपीत न मावणारी गमकही यात ऐकू येते. २०२१ मध्ये सुरू झालेली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स उपयोगी आहे, पण ते श्रेयांकांचे पासबुक झाले. शिकण्याचा प्रवास त्यात दिसत नाही.

अशाने गुरुघरही गुणांच्या मागे लागेल, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. म्हणूनच काय दाखवायचे आणि काय खाजगी ठेवायचे, हे विद्यार्थ्याने ठरवावे; चुकांच्या नोंदींवर गुण लावू नयेत, नाहीतर चुका नोंदवायचेच बंद होईल. दुसऱ्याचे काम आपले म्हणून खपवले तर? परीक्षकाने पोर्टफोलिओ समोर ठेवून गायला बसवावे, चार प्रश्न विचारावेत; उसनी विद्या तिथे तग धरत नाही. साधनांची अडचण खरी असली तरी ध्वनिमुद्रणाला साधा मोबाईलही पुरतो.

मला जास्त काळजी आहे ती टिकण्याची. अभ्यासक्रम संपला की संस्थेचे खाते बंद होते आणि वर्षांचे काम त्याबरोबर जाते. वालाजापेटची पाने एका घराण्याने आणि मग एका सभेने सांभाळली म्हणून उरली. तेव्हा संस्थांनी निरोप देताना प्रमाणपत्राबरोबर हा सारा संग्रह, कुठेही उघडेल अशा स्वरूपात, विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावा आणि त्याची परवानगी असेल तर एक प्रत ग्रंथालयातही ठेवावी.