दुसऱ्याच्या अपघातातून शिकण्याची सोय

लेखमाला : कामाची जागा, जिवाची काळजी (भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण कारखान्याच्या आतली सुरक्षा समिती कशी चालते ते पाहिलं. या आठवड्यात गेटबाहेर पडू. एका पट्ट्यातल्या कारखान्यांनी मिळून सुरक्षा आणि आरोग्य संघटना चालवायची, तर नेमकं काय करायचं? उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातले दोन शेजारी तालुके घेऊ, शिरूर आणि दौंड.

सुरुवात एका आकड्यापासून करू. तो आकडा ४८ तासांचा. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने सरकारला कळवायचं, असं कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ८८ सांगत आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सुरक्षा आणि आरोग्य संहितेनेही ही ४८ तासांची रेघ कायम ठेवली. आता या रेघेखाली काय काय राहतं ते बघा. प्रेसखाली जाता जाता वाचलेलं बोट. फोर्कलिफ्टच्या काट्यावरून घसरून रिकाम्या जागी पडलेलं पॅलेट. रिअ‍ॅक्टरचं तापमान चढायला लागलं आणि जुन्याजाणत्या ऑपरेटरने वेळेत ओळखून थांबवलं, तो प्रसंग. यातलं बहुतेक काही कुठल्याही सरकारी फॉर्मवर येत नाही. शेजारच्या प्लॉटमध्ये तशीच मशीन तशाच पद्धतीने चालू असते, पण तिथल्या माणसाला याचा पत्ता नसतो. कायद्याच्या नजरेतून सुटलेली ही माहिती एका गेटमधून दुसऱ्या गेटपर्यंत नेणं हेच विभागीय संघटनेचं खरं काम. सप्ताह, शपथ, घोषवाक्यांची स्पर्धा ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

दोन तालुके, दोन स्वभाव

शिरूर आणि दौंड यांच्यामधून भीमा वाहते आणि दोन्हीकडच्या उद्योगांचा स्वभावही वेगळा आहे. शिरूरच्या बाजूला पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूरपासून पुढे रांजणगाव एमआयडीसीपर्यंत गाड्या, फ्रिज, टीव्ही, त्यांचे सुटे भाग आणि त्या भागांचेही भाग बनतात. इथला धोका फिरणाऱ्या, दाबणाऱ्या आणि उचलणाऱ्या यंत्रांचा : पॉवर प्रेस, कन्व्हेयर, क्रेन, फोर्कलिफ्ट. रांजणगावातच घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामायिक केंद्रही आहे, म्हणजे इतर कारखान्यांचा धोकाही ट्रकमधून इथे येतो.

दौंडच्या बाजूला पुणे-सोलापूर रस्त्यावरचं कुरकुंभ हे रसायनं आणि औषधांचं गाव. तिथला धोका डोळ्यांना दिसत नाही. तो पाइपात, टाकीत, वाफेत असतो आणि सुटला की कंपाउंडची भिंत मानत नाही. १४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री कुरकुंभच्या एका रसायन कारखान्याला आग लागली. स्फोटांचे आवाज ऐकून आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांनी घरं सोडली. त्या रात्री रस्त्यावर आलेल्यांपैकी किती जणांना वारा कुठल्या दिशेने आहे हे बघायचं असतं, किंवा जमायचं कुठे हे ठाऊक होतं? संघटनेने स्वतःला विचारायचा हा प्रश्न आहे.

या दोन पट्ट्यांखेरीज ऊस आहे. न्हावरे आणि पाटस इथले साखर कारखाने, बॉयलर, मळीच्या टाक्या, बगॅसचे ढीग आणि केडगाव-यवतच्या बाजूची गुऱ्हाळं. म्हणून एकच अजेंडा घेऊन दोन्ही तालुक्यांची बैठक बोलावली, की अर्धे लोक घड्याळाकडे बघत बसतात. संघटना एक, पण कामाचे गट तीन असावेत : यंत्रं, रसायनं आणि हंगामी उद्योग. गटांनी आपापल्या ठिकाणी दरमहा भेटावं, सगळ्यांनी तीन महिन्यांतून एकदा. मोठी बैठक एकदा नदीच्या या बाजूला तर एकदा त्या बाजूला झाली, म्हणजे संघटना कुठल्या एकाच एमआयडीसीची होऊन बसत नाही.

नोंदणी, पैसा आणि टेबलाभोवतीची माणसं

महाराष्ट्रात अशी संघटना साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवतात. नोंदणी सोपी, ती जिवंत ठेवणं अवघड. सेफ्टी ऑफिसर नोकरी बदलतात, कारखान्याचे प्रतिनिधी बदलतात आणि नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज दाखल करायचा राहून जातो. मग बँक सह्या मान्य करत नाही आणि उत्साहाने सुरू झालेली संस्था कागदात अडकते. बदल अर्ज आणि वार्षिक हिशेब वेळेवर जातील एवढं बघणारा एक अर्धवेळ पगारी माणूस पहिल्या दिवसापासून ठेवावा. ही उधळपट्टी नव्हे.

वर्गणी कामगारांच्या संख्येवर ठरावी आणि ठेकेदाराचे कामगार त्या संख्येत धरावेत. ते धरले नाहीत, तर कागदावर लहान आणि प्रत्यक्षात मोठे असे कारखाने कमी पैशांत सुटतात. दुसरा धोका प्रायोजकांचा. हेल्मेट, हातमोजे, अग्निशामक सिलिंडर विकणारे लोक कार्यक्रमाचा खर्च उचलायला आनंदाने तयार असतात. त्यांचे स्टॉल जरूर लावावेत, पण कार्यकारिणीत त्यांना जागा नको. नाहीतर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवं हेल्मेट हेच निघतं.

टेबलाभोवती सेफ्टी ऑफिसर असतातच. नव्या संहितेनुसार ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. याचा अर्थ, ज्यांच्याकडे तो नाही असे सगळे लहान कारखाने आपोआप बैठकीबाहेर राहतात. त्याच संहितेने कारखाना कशाला म्हणायचं ही मर्यादाही वाढवली : वीज वापरून काम असेल तर २० कामगार, वीज नसेल तर ४०. अठरा माणसांचं फॅब्रिकेशनचं शेड या व्याख्येत बसत नाही. ग्राइंडरची ठिणगी मात्र माणसं मोजत नाही.

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथल्या कारखान्याला आग लागली. त्यात पंधराहून अधिक कामगार गेले, बहुतेक महिला. असे कारखाने कुठल्याही पट्ट्यात आहेत आणि बैठकीचं निमंत्रण त्यांच्यापर्यंत जातच नाही. म्हणून नियमच करावा : प्रत्येक मोठ्या सदस्याने आपल्याला माल पुरवणारे दोन लहान कारखाने सोबत आणायचे. लहान कारखान्याची वर्गणी नाममात्र, मत मात्र पूर्ण. खेरीज निदान दोन कामगार प्रतिनिधी, त्यातला एक ठेकेदाराकडचा, आणि तालुक्यातला एक डॉक्टर हवा. चिरडलेली बोटं आधी डॉक्टरांपुढे येतात, अहवालात नंतर.

बंद दाराआडचा अर्धा तास

माहितीची देवाणघेवाण म्हटलं की कारखानदार सावध होतो. ग्राहकाला कळलं तर? निरीक्षकाला कळलं तर? पेपरात आलं तर? ही भीती खोटी नाही. ती गृहीत धरूनच व्यवस्था लावायला हवी. बैठकीचा पहिला भाग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांसह व्हावा. नवे नियम, शंका, प्रशिक्षण हे सगळं त्यात. दुसरा भाग फक्त सदस्यांचा.

त्यात एका पानाचा कागद फिरतो. त्यावर कंपनीचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, फक्त पाच प्रश्न : काम कोणतं चाललं होतं, काय बिघडलं, पुढचं नुकसान कशामुळे टळलं, त्यानंतर काय बदललं आणि अशीच रचना आणखी कुठे असू शकते. कोण चुकलं हा प्रश्न मुद्दाम वगळलेला. तो विचारला की पुढच्या महिन्यात कागद येणं बंद होतं. मात्र एक रेघ स्पष्ट हवी : जो अपघात कायद्याने कळवायचा आहे तो कळवायचाच. संघटनेची गुप्तता ही लपवाछपवीची जागा नाही.

याच कारणासाठी 'शून्य अपघात' पुरस्कार देऊ नयेत. गेटवरच्या फलकावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा वाढत जातो आणि त्या आकड्याला बक्षीस लागलं, की हाताला पट्टी बांधलेला कामगार ऑफिसात खुर्चीवर बसवून हजेरी भरली जाते. असं होतं हे या क्षेत्रातल्या कुणालाही नवं नाही. पुरस्कार द्यायचाच तर थोडक्यात टळलेले सर्वाधिक प्रसंग प्रामाणिकपणे कळवणाऱ्या कारखान्याला द्यावा. पहिल्या वर्षी लोक हसतील, दुसऱ्या वर्षी कागद वाढतील.

पैशाचा धाक इथे नाही

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, अपघात विम्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षीपासून धंद्यानुसार मालकांच्या सक्तीच्या संघटना उभ्या राहिल्या. नुकसानभरपाई या संघटनांनीच द्यायची आणि ज्या धंद्यात धोका जास्त त्याची वर्गणी जास्त. त्यामुळे शेजाऱ्याचा अपघात आपल्या खिशाला लागतो हे मालकाला लगेच कळलं. अपघात टाळण्याचे नियम करण्याचा आणि तपासणीला माणसं पाठवण्याचा अधिकारही या संघटनांकडे आला.

आपल्याकडे राज्य कामगार विम्याची वर्गणी १ जुलै २०१९ पासून मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. रसायनाच्या कारखान्याला तीच, पॅकिंगच्या कारखान्याला तीच. काळजी घेणारा आणि न घेणारा एकाच दराने भरतात. म्हणून इथल्या संघटनेच्या हाती पैशाचा धाक नाही आणि तपासणीचा अधिकारही नाही. सदस्याला बैठकीतून परत जाताना काहीतरी उपयोगी हाती लागलं, तरच तो पुढच्या वेळी येतो. एकट्याला न परवडणाऱ्या गोष्टी वाटून घेणं हा त्यातला सर्वांत भरवशाचा मार्ग. श्रवणचाचणीची गाडी दोन दिवस रांजणगावात, दोन दिवस कुरकुंभला. औद्योगिक आरोग्याचं शिक्षण घेतलेला एक डॉक्टर दहा लहान कारखान्यांत मिळून. बंद टाकीत उतरण्याआधी हवा तपासणारं यंत्र आणि ते वापरायला शिकवणारा माणूस. आणि हे शिक्षण मराठीइतकंच हिंदीतही, कारण लाइनवर उभा असलेला मुलगा मराठवाड्यातला असेल तसाच बिहारचाही.

संकटाच्या दिवशी

रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनी स्थानिक संकट गटाची तरतूद केली आहे. त्यात उपविभागीय दंडाधिकारी, कारखाना निरीक्षक, पोलिस, अग्निशमन, डॉक्टर यांच्याबरोबर स्थानिक वृत्तपत्राचा संपादक आणि सरपंचांनाही जागा आहे. दर सहा महिन्यांनी एक पूर्ण मॉक ड्रिल घ्यावी, असं हे नियम सांगतात. संघटनेने या गटाची जागा घ्यायची नाही. त्याला कामाचा कच्चा माल पुरवायचा. ठाणे-बेलापूर आणि पाताळगंगा-रसायनी पट्ट्यांत 'मार्ग' या नावाने कारखान्यांचे परस्पर मदतगट चालतात. त्यांची मूळ कल्पना साधी आहे : कुणाकडे किती फोम आहे, कुणाकडे श्वसनसंच आहेत, कुणाची रुग्णवाहिका कुठे उभी असते आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हे आधीच लिहून ठेवायचं आणि यादी खरी आहे का ते फोन लावून तपासत राहायचं.

कुरकुंभला ही यादी गावापर्यंत जायला हवी. मॉक ड्रिल दिवसाच्या पाळीत, पाहुण्यांसमोर झाली तर फोटो चांगले येतात. ती एकदा रात्रपाळीत करावी. तेव्हा सेफ्टी ऑफिसर घरी असतो आणि वॉचमनच सर्वांत मोठा अधिकारी असतो. संघटनेने काय कमावलं हे त्या रात्री त्या वॉचमनला काय ठाऊक होतं यावरून ठरवावं, वार्षिक अहवालाच्या जाडीवरून नव्हे.

(पुढील आठवड्यात : ठेकेदाराचा कामगार. त्याच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कुणाची?)